अँटेनावरचा टीव्ही रेकॉर्ड करायचाय? अमेरिकेत नवीन आलेल्यांसाठी डीव्हीआर कसा निवडायचा

अमेरिकेत नवीन राहायला आलेल्या बऱ्याच मराठी घरांत पहिल्या महिन्यातच केबलचं पॅकेज घेतलं जातं आणि तेव्हा कोणी सांगतच नाही की एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स, पीबीएस हे सगळे मोठे चॅनल इथे हवेतून फुकट येतात. महिन्याचं बिल नाही, लॉगिन नाही, अँटेना लावायचा, टीव्हीत चॅनल स्कॅन करायचं, झालं. लोकल बातम्या, अमेरिकन फुटबॉल, मुलांसाठी पीबीएस किड्स, हे सगळं त्यात येतं, आणि पिक्चर पण एकदम स्वच्छ असतं, कारण केबलवाले सिग्नल बऱ्याचदा आणखी दाबून पाठवतात तसं इथे होत नाही. आपले मराठी चॅनल आणि क्रिकेट मात्र ह्यात धरू नका, त्यासाठी स्ट्रीमिंग लागतंच.

अडचण एकच, कार्यक्रम लागेल तेव्हाच बघावा लागतो. म्हणून डीव्हीआर, म्हणजे टीव्हीवरचं रेकॉर्ड करून ठेवणारा डबा. आणि इथे माणूस गोंधळतो, कारण "डीव्हीआर" ह्या एकाच नावाखाली तीस-चाळीस डॉलरचा डबा पण मिळतो आणि पाचशे डॉलरचं अख्खं सेटअप पण. मी हा लेख लिहितोय तो ज्यांनी ह्यातलं काहीच केलेलं नाही त्यांच्यासाठी, त्यामुळे माहीत असलेल्यांना काही गोष्टी फार बाळबोध वाटतील, चालेल.

रेकॉर्ड करणं कायदेशीर आहे का, हे बरेच जण दबक्या आवाजात विचारतात. आहे. सोनीच्या बीटामॅक्स व्हीसीआरवरून झालेल्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८४ सालीच सांगितलं की घरच्या घरी नंतर बघण्यासाठी टीव्हीवरचा कार्यक्रम रेकॉर्ड करणं योग्य वापरात मोडतं. रेकॉर्ड करून विकायला किंवा नेटवर टाकायला लागलात तर गोष्ट वेगळी.

आधी एक समजून घ्या, मग खरेदीकडे वळू

कुठलाही डीव्हीआर चार कामं करतो. हवेतला सिग्नल पकडणं, हे ट्यूनरचं काम. तो साठवणं, हे हार्डडिस्कचं. कधी कुठल्या चॅनलवर काय लागणार ह्याचं वेळापत्रक ठेवणं, हे गाईडचं. आणि टीव्हीवर किंवा फोनवर दाखवणं, हे अ‍ॅपचं. काही डबे चारही कामं स्वतः करतात, काही फक्त पहिलं करतात आणि बाकीची तुमच्या गळ्यात टाकतात.

ह्यात लोक ट्यूनर आणि डिस्क बघून डबा घेतात, पण माझं स्पष्ट मत आहे की सगळ्यात आधी गाईड बघावं. गाईड कोण पुरवतं, त्याचे पैसे किती, आणि पुरवणाऱ्याने उद्या हात वर केले तर तुमच्या डब्याचं काय होणार. हवेतून येणाऱ्या सिग्नलमध्ये पण वेळापत्रक असतं, पण स्टेशनला साधारण पुढच्या १२ तासांचंच देणं बंधनकारक असतं, काही स्टेशनं जास्त देतात, काही त्यातही चुका करतात. "ही मालिका दर आठवड्याला आपोआप रेकॉर्ड कर आणि जुना भाग परत लागला तर करू नको" असं करायचं असेल तर दोन आठवड्यांचं नीट भरलेलं गाईड इंटरनेटवरून यावं लागतं आणि ते गोळा करायला कुणाला तरी खर्च येतो. तो खर्च एक तर तुमच्याकडून घेतात, नाहीतर डब्याच्या किमतीतून आणि जाहिरातींतून काढतात.

आणि पुरवठा बंद पडतो, बरं का. कॉम्प्युटरवर टीव्ही रेकॉर्ड करायच्या मायक्रोसॉफ्टच्या विंडोज मीडिया सेंटरवर एके काळी लोक जीव टाकायचे, विंडोज १० मध्ये ते काढून टाकलं आणि जानेवारी २०२० मध्ये त्याचं गाईड पण थांबलं. अ‍ॅमेझॉनने २०१८ मध्ये फायर टीव्ही रीकास्ट हा डीव्हीआर आणला आणि २०२२ मध्ये विकणं बंद केलं. टिवो, ज्याच्या नावावरून लोक रेकॉर्ड करण्यालाच "टिवो करणं" म्हणायचे, त्या कंपनीने २०२५ मध्ये डीव्हीआरचे डबे विकणं थांबवलं. कंपनी मोठी म्हणून डबा टिकेल, ह्याला काही अर्थ नाही.

पायरी १: तुमच्या पत्त्यावर काय येतं ते बघा

आधी कळस मग पाया असं करू नका. रॅबिटइयर्स नावाची साईट आहे, त्यात पत्ता टाकला की आसपासचे सगळे टॉवर, ते किती मैलांवर आहेत, कुठल्या दिशेला आहेत आणि सिग्नल किती जोरात येईल ह्याची यादी येते. एफसीसीचा, म्हणजे टीव्ही-रेडिओवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, स्वतःचा पण नकाशा आहे, पण रॅबिटइयर्समध्ये तपशील जास्त.

त्या यादीत दोन नंबर दिसतील आणि नवीन माणूस इथेच फसतो. एक म्हणजे टीव्हीवर दिसणारा चॅनल नंबर, दुसरा म्हणजे स्टेशन प्रत्यक्ष ज्या फ्रीक्वेन्सीवर आहे तो आरएफ नंबर. अँटेना निवडताना फक्त आरएफ नंबर बघायचा. फ्रीक्वेन्सीचे तीन पट्टे आहेत, २ ते ६ म्हणजे लो व्हीएचएफ, ७ ते १३ हाय व्हीएचएफ, १४ ते ३६ यूएचएफ. खिडकीला चिकटवायचे जे पातळ कागदासारखे अँटेने मिळतात ते मुख्यतः यूएचएफवर बरे चालतात. आता फिलाडेल्फियाचं एबीसीचं स्टेशन डब्ल्यूपीव्हीआय बघा, ते आरएफ ६ वर आहे, म्हणजे लो व्हीएचएफ, त्यामुळे न्यू जर्सीच्या फिलाडेल्फियाजवळच्या भागात कितीतरी घरांत बाकी सगळं येतं आणि नेमकं एबीसी येत नाही, आणि लोक डीव्हीआरला दोष देत बसतात. न्यूयॉर्कचं डब्ल्यूएबीसी आरएफ ७ वर आहे, तेही व्हीएचएफच. तुमच्या गावात असं एखादं स्टेशन असेल तर लांब दांड्यांचा, व्हीएचएफ स्पष्ट लिहिलेला अँटेनाच घ्या.

खोक्यावर "२०० मैल रेंज" लिहिलेलं असतं ना, ते सरळ सोडून द्या. पृथ्वी गोल आहे, साठ-सत्तर मैलांच्या पुढे टॉवर क्षितिजाखाली जातो, अँटेना कितीही भारी असो.

पायरी २: अँटेना लावा आणि आठवडाभर नुसता टीव्ही बघा

अँटेना उंच, शक्यतो बाहेर, टॉवरच्या दिशेला. बाहेर जमत नसेल तर पोटमाळ्यावर, तेही नाही तर टॉवरच्या बाजूच्या खिडकीत. नवीन घरांच्या काचांवर उष्णता अडवायला धातूचा पातळ थर दिलेला असतो, तो सिग्नलही अडवतो, पोटमाळ्यात छताखाली चंदेरी फॉइल असेल तर तिथेही तेच. त्यामुळे जागा बदलून बदलून बघावं लागतं, कधी कधी दोन फूट सरकवल्यावर दहा चॅनल वाढतात.

तुम्ही एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, असलेल्या सोसायटीत राहता आणि ते म्हणतात बाहेर अँटेना चालणार नाही, तर एफसीसीचा १९९६ पासूनचा नियम आहे, ज्याला ओटार्ड म्हणतात. स्वतःच्या मालकीच्या किंवा फक्त तुमच्या वापरातल्या जागेत, म्हणजे तुमचं छत, तुमची बाल्कनी, तिथे टीव्हीचा अँटेना लावायला सोसायटी किंवा घरमालक मनाई करू शकत नाही. भाड्याने राहणाऱ्यांनाही हा नियम लागू आहे. मात्र अपार्टमेंटचं सामाईक छत किंवा बाहेरची सामाईक भिंत ह्यात बसत नाही, आणि सुरक्षिततेच्या नावाखाली काही वाजवी अटी ते घालू शकतात. बाहेर लावलात तर अर्थिंग करायला विसरू नका, वीज पडण्याचा आणि स्थिर विजेचा प्रश्न आहे, ह्यात हयगय नको.

वायर आरजी-६ घ्या. अँटेनातून एकच वायर येते आणि ती दोन टीव्हींना वाटली की सिग्नल निम्मा होतो, चार ठिकाणी वाटली की पाव. आणि हो, टॉवर जवळ असेल तर उगाच सिग्नल वाढवणारा अँप्लिफायर लावू नका, सिग्नल फार जोरात आला तरी ट्यूनर गुदमरतो आणि चित्र फुटतं.

हे सगळं झाल्यावर लगेच डीव्हीआर मागवू नका. आठवडाभर साध्या टीव्हीवर बघा, पावसात, वाऱ्यात, रात्री. टीव्हीवर चित्र फुटत असेल तर रेकॉर्डिंगमध्ये पण ते फुटणारच, कुठलाही डीव्हीआर ते दुरुस्त करत नाही.

पायरी ३: घरात कोण काय बघतं ते लिहून काढा

खरंच कागदावर लिहा. टीव्ही किती आहेत? एकाच वेळी जास्तीत जास्त किती कार्यक्रम चालू असतात, म्हणजे कुणी बघतंय अधिक किती रेकॉर्ड होतायत? जेवढा हा आकडा तेवढे ट्यूनर लागतात. एक बघायचा आणि एक रेकॉर्ड करायचा तर दोन पुरतात. पण रविवारी दुपारी दोन चॅनलवर फुटबॉल, मुलांचं पीबीएस आणि आजी-आजोबा इथे आले असतील तर त्यांची बातमी, असं असेल तर चारच घ्या. दोन ट्यूनरवाला घेऊन नंतर बदलायला जाणं म्हणजे सगळी रेकॉर्डिंगं सोडून देणं आलं, कारण बहुतेक डबे रेकॉर्डिंग दुसऱ्या डब्यात नेऊ देत नाहीत.

जागेचं गणित सोपं आहे. एका स्टेशनच्या सिग्नलमध्ये सेकंदाला जास्तीत जास्त १९.३९ मेगाबिट मावतात, म्हणजे पूर्ण वापरलं तरी तासाला पावणेनऊ जीबीच्या आत. हल्ली एकाच सिग्नलमध्ये पाच-सहा उपचॅनल कोंबलेले असतात, त्यामुळे एचडीचा एक तास बहुतेक वेळा चार ते सहा जीबीत बसतो आणि जुन्या मालिकांचे साधे उपचॅनल दीड जीबीच्या आसपास. एक टीबीच्या डिस्कमध्ये दीडशेहून जास्त तास धरा. बघून झालं की पुसणाऱ्यांना तेवढं भरपूर आहे.

पायरी ४: आता पर्याय

सगळ्यात स्वस्त म्हणजे यूएसबी लावायची सोय असलेला कन्व्हर्टर बॉक्स, म्हणजे अँटेनाचा सिग्नल टीव्हीला देणारा छोटा डबा, मीडियासॉनिकचा होमवर्क्स त्यातला एक. अँटेना लावा, मागे पेनड्राइव्ह किंवा डिस्क लावा, एचडीएमआयने टीव्हीला जोडा. इंटरनेट लागत नाही, महिन्याचे पैसे नाहीत, आणि कंपनी बंद पडली तरी डबा चालत राहतो, हा ह्याचा मोठा गुण. पण वेळ हाताने लावायची, जुन्या व्हीसीआरसारखी, ट्यूनर एकच, आणि तो ज्या टीव्हीला जोडलाय तिथेच बघायचं. एकच टीव्ही, आठवड्याला दोन-तीन ठरलेले कार्यक्रम, एवढंच असेल तर ह्याच्या पुढे जायचं काही कारण नाही. लोक ह्याला उगाच नाक मुरडतात.

त्यानंतर टॅब्लो. नवीन माणसाने पहिल्यांदा हाच बघावा असं मला वाटतं. २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीच्या टॅब्लोपासून गाईड आणि रेकॉर्डिंगला वर्गणी लागत नाही, डबा एकदा घेतला की झालं. दोन ट्यूनरवाला साधारण १०० डॉलरला आला होता, चार ट्यूनरवाला त्याच्या थोडा वर. आत १२८ जीबी जागा असते, म्हणजे एचडीचे वीस-तीस तास सहज, आणि मागे यूएसबी डिस्क लावून ती वाढवता येते. त्याला एचडीएमआय नाही हे लक्षात घ्या, तो टीव्हीला जोडायचाच नसतो, अँटेनाच्या वायरीजवळ कुठेही ठेवायचा, राउटरला जोडायचा, आणि प्रत्येक टीव्हीवर रोकू, फायर टीव्ही वगैरे स्ट्रीमिंगच्या डब्यांमध्ये त्याचं अ‍ॅप टाकायचं. एका अँटेनावर घरातले सगळे टीव्ही चालतात, वायरी फिरवाव्या लागत नाहीत. सोबत इंटरनेटवरचे बरेच फुकट चॅनलही मिळतात. टॅब्लो आता स्क्रिप्स ह्या टीव्ही स्टेशनवाल्या कंपनीच्या मालकीचा आहे, म्हणजे अँटेनावर लोकांनी टीव्ही बघत राहावं ह्यात तिचा स्वतःचा फायदा आहे, आणि गाईड फुकट का आहे ह्याचं उत्तर बऱ्यापैकी तिथे मिळतं. खटकणारी गोष्ट ही की सगळं त्यांच्याच अ‍ॅपमधून. रेकॉर्डिंगची फाईल काढून कॉम्प्युटरवर ठेवावी, हवी तशी वापरावी, असं ज्यांना वाटतं त्यांनी टॅब्लो घेऊ नये.

मग तिसरा रस्ता, एचडीहोमरन. सिलिकॉनडस्ट कंपनीचा हा डबा म्हणजे मुख्यतः नुसता ट्यूनर. एका बाजूला अँटेनाची वायर, दुसऱ्या बाजूला राउटरची, आणि घरातल्या नेटवर्कवर कुठल्याही अ‍ॅपला तो चॅनल पुरवतो. फ्लेक्स ड्युओमध्ये दोन ट्यूनर, फ्लेक्स क्वाट्रोमध्ये चार. लाईव्ह टीव्ही बघायला काही पैसे नाहीत. रेकॉर्डिंगसाठी मात्र वर काहीतरी घ्यावं लागतं आणि खरी तुलना इथे सुरू होते, कारण एकाच डब्यावर चार वेगवेगळी सॉफ्टवेअर चालतात आणि चौघांचा स्वभाव वेगळा.

त्यांचंच स्वतःचं डीव्हीआर आहे, वर्षाला साधारण ३५ डॉलर. फ्लेक्सच्या मागे यूएसबी डिस्क लावली की वेगळा कॉम्प्युटर चालू ठेवायची गरज नाही. अ‍ॅप दिसायला साधंच आहे, पण काम चोख करतं.

चॅनल्स डीव्हीआर हे माझ्या मते ह्या सगळ्यात वापरायला सर्वात छान. महिन्याला ८ डॉलर किंवा वर्षाला ८०. जाहिराती आपोआप ओळखून उडी मारतं, घराबाहेरून बघता येतं, गाईड त्यातच आलं, आणि फुटबॉलसारख्या वेगवान चित्रात ओळी-ओळी दिसत नाहीत. सीबीएस आणि एनबीसी १०८०आय मध्ये प्रसारण करतात, म्हणजे चित्राच्या अर्ध्या ओळी एकदा आणि अर्ध्या नंतर, आणि त्या नीट जुळवून दाखवणं सगळ्या अ‍ॅपना जमत नाही, चेंडू हवेत असताना त्याच्या कडा कंगव्यासारख्या फाटलेल्या दिसतात. एबीसी आणि फॉक्स ७२०पी वर आहेत, म्हणजे चित्राच्या सगळ्या ओळी एकदम, तिथे हा प्रश्न येत नाही. त्यामुळे कुठलंही अ‍ॅप पारखायचं असेल तर सीबीएसवरचा सामना लावून बघा. चॅनल्ससाठी कॉम्प्युटर किंवा एनएएस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा, चोवीस तास चालू लागतो, हा त्याचा खर्च.

प्लेक्स बऱ्याच जणांकडे सिनेमे आणि फोटोंसाठी आधीच असतं. डीव्हीआरसाठी प्लेक्स पास लागतो, आणि २०२५ मध्ये त्याची किंमत चांगलीच वाढली, आयुष्यभराचा पास १२० वरून २५० डॉलरवर गेला. आधीपासून पास असेल तर जरूर वापरा, फक्त टीव्ही रेकॉर्ड करायला नवीन घेऊ नका. त्यात लाईव्ह टीव्ही हे मुख्य काम कधीच नव्हतं आणि ते वापरताना जाणवतं.

आणि जेलीफिन. पूर्ण फुकट, ओपन सोर्स, २०१८ च्या शेवटी एम्बी नावाच्या तशाच सॉफ्टवेअरपासून वेगळं झालेलं. ह्यात गाईड मिळत नाही, ते तुम्ही आणायचं. त्यासाठी शेड्यूल्स डायरेक्ट नावाची ना-नफा संस्था आहे, वर्षाला ३५ डॉलरच्या आसपास घेते आणि चांगलं गाईड देते. एचडीहोमरन अधिक जेलीफिन अधिक शेड्यूल्स डायरेक्ट ह्या जोडणीचा खरा फायदा हा की तिन्ही भाग सुटे आहेत. सॉफ्टवेअर आवडलं नाही, बदला, गाईडवाले बंद पडले, दुसरे बघा, ट्यूनर तोच राहतो. पण सेटअपला एक-दोन संध्याकाळी जातील आणि काही अडलं तर धावून येणारं कोणी नाही, घरात एक तरी तंत्रात रमणारं माणूस असेल तरच ह्या वाटेला जा.

तीन वर्षांचा हिशोब मांडून बघा म्हणजे कुठे खिशाला कात्री लागते ते कळतं. टॅब्लोचे १००-१४० डॉलर आणि पुढे शून्य. चार ट्यूनरचा एचडीहोमरन १५० च्या आसपास धरला आणि त्यांचंच डीव्हीआर घेतलं तर अधिक १०५, म्हणजे अडीचशे. त्याच ट्यूनरवर चॅनल्स डीव्हीआर घेतलं तर अधिक २४०, म्हणजे चारशेच्या जवळ, आणि कॉम्प्युटर नसेल तर तो वेगळा. किमती बदलत राहतात आणि सणासुदीच्या सेलमध्ये उतरतात, घेताना त्या दिवशीच्या बघा, पण कोण स्वस्त आणि कोण महाग ह्याचा क्रम बहुतेक हाच राहील.

जुने टिवो ऑनलाईन विकायला दिसतात, "लाईफटाईम सर्व्हिससकट" असं लिहून. ते लाईफटाईम त्या डब्याचं असतं, तुमचं नाही, डबा मेला की गेलं. नवीन माणसाने आज त्यात पडू नये, एवढंच सांगतो.

पायरी ५: जोडणी

एचडीहोमरनवरून सांगतो कारण त्यात आतलं सगळं दिसतं. डबा राउटरला वायरीनेच जोडा. एका चॅनलला १९ एमबीपीएसपर्यंत लागू शकतात, चार ट्यूनर एकदम चालले की वायफायची परीक्षा होते. टीव्हीच्या बाजूला वायफाय चालेल, डब्याच्या बाजूला नको.

मग कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये डब्याचं पान उघडा आणि एखादा चॅनल चालू ठेवून ट्यूनर स्टेटस बघा. तिथे तीन आकडे दिसतात, सिग्नल स्ट्रेंग्थ, सिग्नल क्वालिटी आणि सिम्बॉल क्वालिटी. सगळे जण पहिल्या आकड्याकडे बघतात, तुम्ही तिसऱ्याकडे बघा. सिम्बॉल क्वालिटी १०० पाहिजे, आणि सतत १०० पाहिजे. ती ९० वर आली म्हणजे चित्रात चौकोन पडणार आणि आवाज तुटणार, मग स्ट्रेंग्थ ९५ का असेना. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी कमी असेल तर सिग्नल कुठेतरी भिंतीवर, इमारतीवर आपटून दोनदा येतोय किंवा अँप्लिफायर जास्त झालाय. अँटेना थोडा फिरवा, अँप्लिफायर काढून बघा, एक माणूस अँटेनाजवळ आणि एक पडद्यासमोर, फोनवर बोलत. दर वेळी दहा-पंधरा सेकंद थांबा, आकडा लगेच बदलत नाही. सगळ्यात कमजोर चॅनलवर हे करा, जोरदार चॅनलवर करून काही कळत नाही. टीव्हीवर नीट दिसणारा चॅनल डब्यावर फुटतो असंही होतं, कारण चार ट्यूनरवाला डबा आतल्या आत सिग्नल चार ठिकाणी वाटतो.

डिस्क स्वतःच्या पॉवर अडॅप्टरवाली घेतलेली बरी, छोट्या पोर्टेबल डिस्कला काही डब्यांचा यूएसबी पुरेशी पॉवर देत नाही आणि मग रेकॉर्डिंग मधेच थांबतं. पेनड्राइव्ह कायमचा वापरू नका, सतत लिहून पुसून तो लवकर जातो.

पायरी ६: रेकॉर्डिंगच्या सेटिंगा

मालिका निवडली की "फक्त नवीन भाग" करा, नाहीतर उपचॅनलवर दिवसातून चारदा लागणाऱ्या जुन्या मालिकांनी डिस्क भरून जाते. "शेवटचे पाच भाग ठेव" अशी मर्यादा बातम्यांना नक्की घाला, कालची बातमी कोणी बघत नाही.

सुरुवातीला एक-दोन मिनिटं आणि शेवटी तीन-चार मिनिटं जास्त ठेवा. खेळांना मात्र शेवटी किमान एक तास. सामना लांबला की डीव्हीआरला ते कळत नाही, तो ठरलेल्या वेळी बंद होतो आणि तुमचा शेवटचा क्वार्टर गेला. ह्याचा फटका पुढच्या कार्यक्रमालाही बसतो, सीबीएसवर रविवारी संध्याकाळी फुटबॉल लांबलं की "६० मिनिट्स" आणि त्यामागचं सगळं पुढे ढकललं जातं. त्यामुळे रविवारी सीबीएसवरचं काही रेकॉर्ड करायचं असेल तर त्यालाही शेवटी तासभर जास्त द्या. जास्तीची वेळ दिली की ट्यूनर तेवढा वेळ अडकतो, पुढच्या कार्यक्रमाशी टक्कर होते, चार ट्यूनर घ्या म्हणालो त्यामागे हेही एक कारण आहे.

नवीन एटीएससी ३.० चं काय?

दुकानात किंवा ऑनलाईन "नेक्स्टजेन टीव्ही" लिहिलेलं दिसेल. एटीएससी ३.० चंच ते दुसरं नाव, हवेतून येणाऱ्या टीव्हीचं नवीन मानक, एफसीसीने नोव्हेंबर २०१७ मध्ये स्टेशनांना ते स्वेच्छेने वापरायची परवानगी दिली. ४के चित्र, चांगला आवाज, घरात आत सुद्धा सिग्नल पोचणं, हे सगळं त्यात शक्य आहे. पण बऱ्याच स्टेशनांनी त्यावर डीआरएम म्हणजे कुलूप लावलंय, आणि ते उघडायची परवानगी डबा बनवणाऱ्याला वेगळी मिळवावी लागते. एचडीहोमरनच्या फ्लेक्स ४के मध्ये एटीएससी ३.० चे दोन ट्यूनर आहेत, तरी कुलूपबंद चॅनल त्यावर दिसत नाहीत. हवेतून फुकट येणारं, आणि घरच्यासाठी रेकॉर्ड करायचा हक्क कोर्टाने मान्य केलेला, त्यावर कुलूप का, असा प्रश्न खूप लोक विचारतायत आणि मला तो अगदी रास्त वाटतो. ह्याबद्दल लोकांनी एफसीसीकडे हजारोंनी तक्रारी नोंदवल्या आहेत.

म्हणून आज डीव्हीआर घेताना ३.० साठी जादा पैसे मोजू नका. सध्याचा सिग्नल उद्या बंद होत नाहीये. टीव्ही स्टेशनांच्या संघटनेने, म्हणजे एनएबीने, २०२५ च्या फेब्रुवारीत एफसीसीकडे मागणी केली की मोठ्या ५५ शहरांत फेब्रुवारी २०२८ पर्यंत आणि बाकी ठिकाणी फेब्रुवारी २०३० पर्यंत जुना सिग्नल बंद करून टाकावा. ही त्यांची मागणी आहे, ह्याला ठरलेली तारीख समजू नका. पण ह्याच कारणाने मी म्हणेन की आत्ता पाचशे डॉलरचं सेटअप उभं करण्यापेक्षा शंभर-दीडशेत भागवा, तीन वर्षं वापरलं तरी पैसे वसूल.

आणि एक छोटं काम कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, दर दोन-तीन महिन्यांनी डीव्हीआरवर चॅनल परत स्कॅन करायचे. स्टेशनं फ्रीक्वेन्सी बदलतात, उपचॅनल येतात-जातात, आणि स्कॅन केलं नाही तर डीव्हीआर जुन्याच जागी शोधत राहतो आणि रिकामं रेकॉर्डिंग करून ठेवतो. स्कॅन झाल्यावर मालिकांची यादी एकदा उघडून बघा, एखादं चॅनल हलवलं गेलं असेल तर त्यावरच्या मालिका काही डब्यांत परत लावाव्या लागतात.